माउंटन बाइकची फ्रेम हाताने बनवायची आहे, सुरुवात कुठून करू?

नाशिकच्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. सीएनसीवर सहा वर्षं काम केलंय, अंबड एमआयडीसीत काकांचा गाळा रिकामा आहे, साठवलेले चारेक लाख आहेत आणि गिऱ्हाइकाच्या मापाने माउंटन बाइकच्या फ्रेम बनवायच्या आहेत. आधी कोणतं मशीन घेऊ, टिग वेल्डिंग शिकू की पितळेची झाळ (ब्रेझिंग), टायटॅनियम जमेल का, आणि यात घर चालेल का, एवढं त्यांनी विचारलंय.

मशीन आत्ता एकही घेऊ नका. बारा इंची अर्धगोल कानस घ्या, एक बास्टर्ड (भरड) आणि एक स्मूथ (बारीक). एक दणकट शेगडा (बेंच व्हाइस) घ्या. फर्निचरवाल्याकडून ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेल्या) नळीचे उरलेसुरले तुकडे आणा, भंगाराच्या भावात मिळतात. आणि महिनाभर फक्त एका नळीचं तोंड दुसऱ्या नळीच्या पोटावर बसवत राहा. हे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, कल्पना आहे. मलाही आवडलं नसतं. मी टूलरूमचा माणूस, जिग-फिक्स्चर हा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे पहिल्या फ्रेमच्या आधी आठ महिने मी एक देखणं जिग बनवण्यात घालवले. मग कळलं की जिग नळ्या जागेवर धरतं एवढंच. वाईट कापलेली नळीसुद्धा ते तितक्याच इमानदारीने जागेवर धरतं.

तोंड कापायची रीत सांगतो. नळीच्या व्यासाचा आणि कोनाचा कागदी साचा संगणकावर काढून छापून घ्या, असे साचे काढून देणारी मोफत साधनं भरपूर आहेत. साचा नळीवर गुंडाळा, बारीक मार्करने रेघ मारा. हॅकसॉने दोन तिरके काप देऊन माशाच्या तोंडासारखा ढोबळ आकार काढा आणि उरलेलं कानशीने खा. रेघेच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबा. इथून पुढे साचा विसरायचा, कारण आता खरा साचा म्हणजे ती दुसरी नळी. तिच्यावर तोंड टेकवा, हलकेच फिरवा, जिथे चकाकी येईल तिथे उंचवटा आहे. तेवढाच घासा. परत टेकवा. शेवटी जोड ट्यूबलाइटसमोर धरा. उजेडाची रेघ कुठूनही दिसली तर अजून काम बाकी आहे. वहीचा कागद आत सरकता कामा नये.

एवढा कीस का काढायचा? कारण नळी ०.९ मिलिमीटर जाडीची आहे. फट असली की टिगची आच तिथे थांबत नाही, कड वितळून मागे पळते. ती फट भरायला तुम्ही जास्त वायर घालता, जास्त वायर म्हणजे जास्त उष्णता, आणि थंड होताना तो जोड फटीच्या बाजूला आवळला जातो. मग हेडट्यूब (जिच्यात पुढचा फोर्क फिरतो ती नळी) दोन मिलिमीटर वाकडी झाली म्हणून तुम्ही जिगला शिव्या घालता. पितळेच्या झाळेत फट खपून जाते असा समज आहे. डोळ्यांना खपते. पण पितळ तिथे पातळ थर म्हणून काम करण्याऐवजी ठोकळा म्हणून काम करायला लागतं, आणि त्यात तेवढी ताकद नसते. लेथवर किंवा मिलिंगवर होलसॉ लावून तोंड पाच मिनिटांत कापता येतं, आज मीही तसंच कापतो. पण होलसॉ थरथरला, नळी पकडीत एखादा अंश फिरली, हे तुम्हाला कानशीने हात बसल्यावरच ओळखता येईल.

धातूबद्दल. पोलाद घ्या, बाकी सगळं सोडा. अॅल्युमिनियमची ६०६१ नळी स्वस्त आहे आणि वेल्डही होते, पण जोडाशेजारी तिचं टेंपर जातं, ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून विझवायची, त्यात ती पिळते, मऊ आहे तोवर सरळ करायची आणि मग पुन्हा कमी तापमानाला कित्येक तास शेकायची. हे कारखान्याचं काम, गाळ्याचं नव्हे. टायटॅनियमला भट्टी लागत नाही, पण चारशे अंशांच्या वर गेलं की ते हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊन ठिसूळ होतं, म्हणून जोडाच्या आत-बाहेर दोन्हीकडे शुद्ध आर्गॉन हवा आणि स्वच्छता ऑपरेशन थिएटरसारखी हवी. जोडावर निळसर-पांढरा रंग आला तर ती नळी गेली, आणि नळीची किंमत ऐकून तुमचाही रंग तसाच होईल. पन्नास पोलादी फ्रेम झाल्यावर विचार करा.

पोलाद म्हणजे ४१३० क्रोमोली: साधारण ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम, चिमूटभर मॉलिब्डेनम. बाहा आणि फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या स्पर्धांसाठी गाड्या बनवणाऱ्या पोरांमुळे पुण्यात ४१३० ची नळी मिळते, पण ती रोलकेजची, जाड. सरावाला चांगली, फ्रेमला जड. खरी सायकलची नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, तिला बटेड म्हणतात. ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची किंवा इटलीच्या कोलंबसची मागवावी लागते. एक गैरसमज इथेच काढून टाका: महाग नळी जास्त ताठ नसते. सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळपास सारखाच. महाग पोलाद जास्त ताण सोसतं, म्हणून ते जास्त पातळ ओढता येतं, वजन वाचतं, बस. ताठपणा हवा तर व्यास वाढवा. जाडी तीच ठेवून ३१.८ ऐवजी ३८.१ मिलिमीटरची नळी घेतली की ती सुमारे पावणेदोनपट ताठ होते, कारण हिशोब व्यासाच्या घनाने वाढतो. माझ्या हार्डटेलमध्ये (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीत) डाउनट्यूब, म्हणजे हेडट्यूबपासून पेडलकडे उतरणारी नळी, ३८.१ आणि वरची टॉपट्यूब ३१.८ ची असते. सत्तर किलोच्या माणसाला एवढं पुरतं.

बाकी पातळ नळीचा फार सोसही धरू नका. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीमध्ये पोरं जुन्या फुगीर टायरच्या सायकली डोंगरावरून पळवून मोडत होती, तेव्हा जो ब्रीझ नावाच्या सायकलपटूने १९७७ साली खास त्या उतारांसाठी पहिली नवी फ्रेम बनवली. तो रोडच्या फ्रेम करायला शिकलेला होता, पण या कामाला त्याने सरळसोट क्रोमोलीच्या नळ्या वापरल्या. ती सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तुमची पहिली फ्रेमही अशीच जडशी होऊ द्या, मोडू मात्र देऊ नका.

मोडण्यावरून माझी तिसरी फ्रेम. एका मित्रासाठी केली होती, पैसे फक्त नळ्यांचे घेतले. चार-पाच महिने तो पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज पहाटे चालवायचा. मग त्याचा फोन आला की पुढून कुईकुई आवाज येतोय, हेडसेट (हेडट्यूबमधलं बेअरिंग) बघ. मी हेडसेट उघडला, ग्रीस लावलं, परत दिला. आठवड्याने पुन्हा तोच आवाज. या वेळी फ्रेम उलटी करून फडक्याने पुसली तर हेडट्यूबच्या मागे, डाउनट्यूबच्या खालच्या अंगाला, वेल्डच्या कडेला समांतर एक केस चिकटल्यासारखी रेघ. नखाने काढायला गेलो, निघेना. पावडर कोटिंग खरवडलं तेव्हा चीर २० मिलिमीटर गेलेली दिसली. तो त्याच सायकलवर रविवारी सिंहगड उतरून आला होता. माझ्या हातापायातलं त्राण गेलं.

वेल्डमध्ये दोष शोधत बसलो, वेल्ड चांगला होता. शेवटी नळी कापून मायक्रोमीटर लावला तर चिरेपाशी जाडी ०.६२. तिथे ०.९ हवी होती. झालं असं की बटेड नळीचा जाड भाग एका टोकाला आखूड आणि दुसऱ्या टोकाला लांब असतो. नळी मापाला कापताना लांब टोकाकडून कापायची असते. कोणतं टोक कोणतं हे बाहेरून कळत नाही, कारण बाहेरचा व्यास सगळीकडे सारखाच. ज्याने पाठवली त्याने रंगाची खूण केलेली होती. आणि मी, टूलरूमचा शिस्तीचा माणूस, कामाला बसण्याआधी सगळ्या नळ्या अॅसिटोनने लख्ख पुसल्या होत्या! मग अंदाजाने एका टोकाकडून ६० मिलिमीटर कापले, ते नेमकं आखूड टोक. वर तिरक्या तोंडात आणखी गेलं. खालच्या अंगाला जाड भाग जवळजवळ उरलाच नाही.

ती जागा फ्रेममधली सगळ्यात वाईट जागा आहे. उडी मारून उतरलात की फोर्क पुढे ढकलला जातो, डाउनट्यूबच्या खालच्या अंगाला ओढ बसते. दगडावर चाक आदळलं की उलट, दाब बसतो. ओढ, दाब, ओढ, दाब. तार पुढे-मागे वाकवून तोडतो तसंच, फक्त सावकाश. आयएसओ ४२१० या सायकलींच्या मानकात माउंटन बाइकच्या फ्रेमला नेमका हाच मार आहे: पुढच्या ॲक्सलला आडवा १२०० न्यूटन पुढे आणि ६०० मागे, असं ५०,००० वेळा. तेव्हापासून नळी आली की पुसायच्या आधी मी खुणेच्या टोकाशी पंचाने ठिपका मारतो, वहीत दोन्ही टोकांचं माप लिहितो आणि तिरक्या तोंडानंतर किमान किती जाड भाग उरतो ते काढल्याशिवाय करवत लावत नाही. मित्राला नवी फ्रेम करून दिली. जुन्या फ्रेमचा तो तुकडा शेगड्याच्या वर तारेने टांगलाय.

आता माप. गिऱ्हाईक बहुतेक वेळा हेडअँगलचा, म्हणजे हेडट्यूबच्या जमिनीशी असलेल्या कोनाचा, आकडा घेऊनच येतं. इंटरनेटवर ६४ अंश वाचलेलं असतं, ६४ च हवा असतो. मी विचारतो, चालवता कुठे? टेकडीवर. वळणं कशी? चढाला, मुरुमाची, घट्ट. मग ६४ अंश घेऊन पुढचं चाक दर वळणाला भरकटेल ते कोण आवरणार? आणि कोणता ६४? हार्डटेलमध्ये फक्त पुढेच स्प्रिंग असते. स्वार बसला की १३० मिलिमीटरचा फोर्क पंचवीसेक मिलिमीटर दबतो आणि हेडअँगल सव्वा अंशाने उभा होतो. कागदावरचा ६५ बसल्यावर ६६ च्या पुढे जातो. म्हणून मी ड्रॉइंग दबलेल्या फोर्कवर काढतो आणि मग उलटं मोजत उभ्या सायकलीचे आकडे काढतो. फोर्कची उंची कॅटलॉगमधून घेऊ नका. फोर्क हातात घ्या, ॲक्सलच्या मध्यापासून क्राउनपर्यंत मोजा. १३० चा २९ इंची फोर्क साधारण ५३० च्या आसपास भरतो, पण वर्षागणिक आणि मॉडेलगणिक फरक पडतो आणि तो फरक तुमच्या फ्रेमच्या प्रत्येक कोनात उतरतो.

मापाच्या फ्रेमची खरी गरज कोणाला असते हे मला एका बाईंनी शिकवलं. उंची १५२ सेंटिमीटर, पायाची आतली लांबी ७०. दुकानात मिळणाऱ्या सगळ्यात लहान साइझवर त्या आठ वर्षं चालवत होत्या, हँडल जवळ यावं म्हणून स्टेम आखूड करत करत शेवटी ३५ मिलिमीटरचा लावला होता. तरी उतारावर मागे सरकता येत नव्हतं, कारण सीट खाली जायला जागाच नव्हती. सीटट्यूब ४०० ची! त्यांना २७.५ ची चाकं, १२० चा फोर्क, ३९५ चा रीच (पेडलच्या आसापासून हेडट्यूबपर्यंतचं आडवं अंतर) आणि ३४० ची सीटट्यूब करून दिली. बी.बी.च्या, म्हणजे क्रँकचा आस जिथे फिरतो त्या जागेच्या, मध्यापासून सीटपर्यंत त्यांचं माप ६२० येतं, म्हणजे वर २८० मिलिमीटर उरले, त्यात १२५ चा ड्रॉपर (चालवताना खाली-वर होणारा सीटपोस्ट) आरामात बसला. क्रँक १६५. पहिल्या दिवशी त्या टेकडीवरून उतरून आल्या आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं मला वाटायचं मीच भित्री आहे." पाच फूट दहा इंचाच्या माणसाला खरं तर माझी गरज नाही, त्याला दुकानातली सायकल बरी बसते. तो माझ्याकडे येतो तो हौसेने. हौसेला मोल नाही, त्यामुळे ती गिऱ्हाइकंही मी परत पाठवत नाही.

ड्रॉइंगमध्ये तुमचा घाम काढणारी जागा मात्र पुढे नाही, मागे आहे. चेनस्टे (बी.बी.पासून मागच्या चाकाच्या आसाकडे जाणारी नळी), टायर आणि चेनरिंग हे तिघं एकाच गल्लीत भेटतात. गणित करून बघा. २९ ची रिम ६२२ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ३११. त्यावर २.४ चं टायर साधारण ६१. एकूण ३७२. चेनस्टे ४३० ठेवला तर टायरची कड बी.बी.च्या मध्यापासून फक्त ५८ मिलिमीटरवर येते. ३२ दातांच्या चेनरिंगची त्रिज्या दातांसकट सदुसष्टच्या आसपास. म्हणजे चेनरिंग आणि टायर एकमेकांच्या हद्दीत शिरलेत. आडव्या अंगाने बघा: बूस्ट या रुंद हबच्या मापात चेनची रेघ सायकलीच्या मध्यापासून ५२, त्यातून रिंगची जाडी आणि हलायला तीन मिलिमीटर सोडले की उरले ४७. दुसऱ्या बाजूने त्या जागी टायरची गोट्यांसकट अर्धी रुंदी २८ आणि चिखलाला सहा मिलिमीटर धरले की ३४ वर हद्द लागते. मधे राहिले १३ मिलिमीटर, आणि तुमची चेनस्टेची नळी आहे २२ ची.

नवखे इथे नळी शेगड्यात चेपतात. थोडी चेपायला हरकत नाही, पण २२ ची १३ करायला गेलात तर ती नळी राहत नाही, दुमडलेला पत्रा होतो आणि पेडलच्या प्रत्येक जोराला मागचं चाक शेपूट हलवल्यासारखं हलतं. मी ही जागा सहा मिलिमीटरच्या प्लेटने सोडवतो, फक्त चेनरिंगच्या बाजूला, आणि ती बी.बी. शेलपासून चेनस्टेच्या तोंडापर्यंत जाते. दुसऱ्या बाजूला नळीच. तुम्ही सीएनसीवाले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा छान जमेल. किंवा चेनस्टे ४४० करा, अर्धी भांडणं मिटतात आणि चढाला पुढचं चाकही कमी उचलतं. आखूड चेनस्टेचं खूळ मला फारसं पटलेलं नाही. आणि जमिनीचा विचार करा, सहा मिलिमीटर चिखलाची जागा पुण्याच्या मुरुमाला पुरते. देशावरची काळी माती पावसात चाकाला चिकटते तेव्हा दहाही पुरत नाहीत.

टिग की झाळ? तुमच्या गाळ्यात थ्री-फेज असो नसो, सुरुवात पितळेने करा. कारण पितळ ८७० ते ९०० अंशांना वाहतं, पोलाद त्याच्या खूप वर वितळतं, त्यामुळे नळीला भोक पाडणं अवघड असतं आणि चूक झाली तर परत तापवून जोड सोडवता येतो. सावलीत काम करा, उन्हात धातूचा रंग दिसत नाही. फ्लक्स (जोड स्वच्छ ठेवायला लावायची पेस्ट) आधी फुगतो, मग बसतो आणि काचेसारखा पारदर्शक होऊन पसरतो. नळी डाळिंबाच्या दाण्याच्या रंगावर आली की कांडी टेकवा. कांडी ज्योतीने वितळवायची नाही, नळीच्या धगीने वितळली पाहिजे. वितळलेलं पितळ आचेच्या मागे मागे जातं, तुपासारखं. ज्योत पुढे न्याल तिकडे ते येईल. पांढरा धूर दिसला तर पितळातलं जस्त जळायला लागलंय, मागे या. आणि दोन गोष्टींत हयगय नको. गॅसच्या दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी आत शिरू न देणारी झडप) लावा. दुसरं, केबल स्टॉप आणि बाटलीचा पिंजरा बसवायच्या बॉससाठी चांदीची कांडी घ्याल तेव्हा कॅडमियम नसलेली मागा. आपल्याकडच्या बाजारात कॅडमियमवाली सर्रास मिळते, स्वस्त असते आणि फार सुरेख वाहते. तिचा धूर फुप्फुसं खातो. दुकानदार "काही होत नाही" म्हणेल.

टिग नंतर शिका, शिकाच, कारण तासांचा हिशोब तिथे आहे. १.६ चं टंगस्टन, बारीक वायर, साठेक अँपिअर, नळीच्या आत आर्गॉन. वेल्ड झाला की फुंकर मारू नका, ओलं फडकं लावू नका, ४१३० ला सावकाश गार होऊ द्या. घाईने विझवलं तर जोडाशेजारी ते ठिसूळ होतं.

सरळपणासाठी जिगच्या आधी सरफेस प्लेट, म्हणजे अचूक सपाट लादी, घ्या. जुनी बीडाची प्लेट भंगारबाजारात मिळते, तिला निळा लावून घासून घ्यायला कोणी जुना फिटर गाठा. मी आधी सीटट्यूब बी.बी. शेलला जोडतो, एवढंच, आणि शेल प्लेटवर बसवून काटकोन तपासतो. तो बरोबर आला की पुढचा त्रिकोण टॅक मारून उभा करतो, परत तपासतो. मग वेल्ड करताना एका जोडाचा पाव भाग, मग समोरचा पाव. धातू ज्या बाजूला शेवटी गार होतो त्या बाजूला ओढतो. हेडट्यूब आणि सीटट्यूब एका पातळीत एक मिलिमीटरच्या आत आल्या पाहिजेत. सायकल दुरुस्तीत आपल्याकडे "एक सूत इकडे-तिकडे चालतं" म्हणतात. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त. नाही चालत.

हेडट्यूब वेल्डनंतर अंडाकृती होतेच, आत ॲल्युमिनियमचा गोळा घालून आच ओढून घेतली तरी थोडी होते. म्हणून ४४ चं भोक आधी किंचित कमी ठेवून शेवटी रीमरने काढा. सीटट्यूबमध्ये ड्रॉपर अडकत असेल तर गाड्यांच्या ब्रेक सिलिंडरचं होन फिरवा, त्यासारखं स्वस्त हत्यार नाही. बी.बी.चा टॅप आणि फेसिंगचा सेट मात्र महाग आहे. पहिल्या पाच फ्रेमसाठी एखाद्या चांगल्या सायकल दुकानात पैसे देऊन करून घ्या. आणि जाताना सांगा की उजव्या बाजूचे आटे उलटे आहेत. सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगा. ड्रॉपआउट, म्हणजे मागच्या चाकाचा आस बसतो तो तुकडा, यूडीएच हँगर (मागचा गिअर लटकवायचा, सगळीकडे चालणारा) बसेल असाच घ्या. महाडच्या पुढे कुठेतरी हँगर वाकला तर तुमच्या स्वतःच्या डिझाइनचा हँगर जगात फक्त तुमच्याच गाळ्यात असेल.

गंज हा पोलादावरचा नेहमीचा आक्षेप. बाहेरून फ्रेम गंजत नाही, रंग असतो. गंजते आतून. पावसाळ्यात सीटपोस्टमधून पाणी उतरतं आणि बी.बी.त साचतं. शेलला खाली पाच मिलिमीटरचं भोक ठेवा. रंग झाल्यावर सगळ्या नळ्यांत रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं बेलतेल ओतून फ्रेम फिरवत राहा आणि दोन दिवस उलटी टांगून ठेवा, आत पापुद्रा धरतो. रत्नागिरीच्या एका फ्रेमला पाच पावसाळे झाले, आत कॅमेरा घालून पाहिलं, स्वच्छ आहे. पावडर कोटिंगला देताना त्या माणसाच्या डोक्यावर उभे राहा. त्याला गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या साफ करायची सवय, जाड ग्रिट मारून तो ०.६ च्या नळीची पार वाट लावेल. काचेचे बारीक मणी मारायला सांगा आणि आट्यांमध्ये बुचं स्वतः घालून द्या.

आता घर चालेल का. माझ्या हिशोबाने एका फ्रेमला ४५ ते ५० तास जातात, त्यात गिऱ्हाइकाशी बोलणं, ड्रॉइंग आणि रंगवाल्याकडच्या फेऱ्या धरल्यात. नळ्या, ड्रॉपआउट, कस्टम ड्यूटी मिळून तीसेक हजार आधीच गेलेले असतात. वर्षाला आठ-नऊ फ्रेम होतात. त्यावर माझं घर चालत नाही, चालतं ते अजूनही जिग-फिक्स्चरच्या फुटकळ कामांवर आणि चिरलेल्या पोलादी फ्रेम दुरुस्त करण्यावर. दुरुस्तीला कमी लेखू नका. दुसऱ्याची फ्रेम कुठे मोडली हे कापून बघायला मिळतं आणि वर पैसेही मिळतात. पहिल्या पाच फ्रेम विकू नका. एक स्वतःला, एक भावाला, बाकीच्या अशा मित्रांना द्या जे रोज चालवतील आणि आवाज आला की फोन करतील. दर महिन्याला त्या उलट्या करून फडक्याने पुसा. नोकरी तूर्त सोडू नका, आणि काकांचा गाळा आहे म्हणजे भाडं नाही, हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, त्या चार लाखांपेक्षा मोठं.

नाशिकहून यायचं असेल तर या. येताना कानशीने बसवलेले दोन तुकडे घेऊन या, ट्यूबलाइटसमोर धरून बघू. गुरुवारी मात्र येऊ नका, माझ्याकडे पुण्याजवळ भोसरीत त्या दिवशी सुट्टी असते.